चार सुया आणि चेकरबाई

सोमवार, ३ नोव्हेंबर

ही वही व्यायामवालीने दिली. रोज चार ओळी लिहा म्हणे, डोकं ताळ्यावर राहील. शिवाय म्हणाली, "आजी, डाव्या हाताने दिवसातून शंभर वेळा हा रबरी चेंडू दाबा." मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, मला आजी म्हणायचं नाही. एकतीस वर्षं सगळा कारखाना मला चेकरबाई म्हणत होता. दोन, चेंडूशी खेळायला मी कुत्रं नाही.

मेंदूला झटका येऊन गेला त्याला आज सात आठवडे झाले. डॉक्टर त्याला हलका झटका म्हणतात. त्यांना आला नव्हता.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. "आई, जानेवारीच्या शेवटी मी येतोय. सामान आवरू आणि तुला इकडे घेऊन येऊ. खोली तयार ठेवलीये. आता एकटं राहणं बास." मी म्हटलं, माझे हात-पाय चालतात. तो म्हणाला, "कुठे चालतात, आई? कपसुद्धा धरता येत नाही तुला." मग माझ्या तोंडून निघून गेलं, "कप राहू दे, हाताने मोज्यांची जोडी विणून दाखवते. जोडी पास झाली तर मी इथेच राहणार. बाद झाली तर गपगुमान तुझ्यामागे येईन."

"तपासणार कोण?"

"मी. माझ्याहून कडक कुणी ठाऊक आहे का तुला?"

त्याने लगेच कबूल केलं. त्याला पक्कं ठाऊक आहे.

एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून लाखांनी मोजे गेले. विणलेला मात्र एकही नाही. बोलून बसले खरी.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गेटाजवळच्या दुकानातून राखाडी लोकर आणि चार सुया आणल्या. दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का?" म्हटलं, हट्टासाठी.

आमच्या मोज्यांच्या कारखान्याचं आता गेट तेवढं उरलंय. यंत्रं भंगारात गेली, शेड पाडली, कामगारांची वसाहत मात्र गेटाच्या आत होती तशीच आहे. तिथल्याच दुसऱ्या मजल्यावर मी. त्या वेळचा नियम साधा होता. माझा शिक्का 'पास' असेल तर माल गेटाबाहेर. 'बाद' असेल तर माल आत. काही झालं तरी बाद माल गेटाबाहेर जायचा नाही, कारखान्याच्या नावाचा प्रश्न होता. तो आम्ही कामगारच वाटून घ्यायचो. चिरंजीव वसाहतीतल्या शाळेत सात वर्षं एक मोजा लांब, एक आखूड असेच गेले. काही बिघडलं नाही त्यांचं.

निवृत्तीच्या दिवशी दोन्ही शिक्के मी पर्समध्ये टाकून आणले. कुणी मागितले नाहीत, मीही बोलले नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पुस्तकात बघून टाके घालायला बसले. डाव्या हातातली सुई सारखी निसटते. सुया फार गुळगुळीत आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणेल. पण माझं अंगण खरंच वाकडं आहे, त्याला मी काय करू?

यंत्रात एकशे अडुसष्ट सुया असायच्या आणि एकही पडायची नाही. माझ्या चारांपैकी दोन सध्या कपाटाखाली आहेत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नाक मुठीत धरून खालचीकडे गेले.

खालची म्हणजे माझ्या बरोबर खालच्या घरात राहते ती. तिचा नवरा कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा, आणि ही त्याच्या नाकावर टिच्चून घरच्या सगळ्यांचे मोजे हाताने विणायची. अकरा वर्षांपूर्वी माझ्या न्हाणीघराचं पाणी तिच्या छतातून गळलं. त्यावरून जे भांडण झालं, त्यानंतर बोलणं बंद.

झटका आला त्या दिवशीचं इथे लिहिलेलं नाही. लिहून टाकते. मी न्हाणीघरात पडले आणि नळ चालू राहिला. उठता येईना, ओरडता येईना. चार तासांनी पाणी तिच्या छतातून गळलं, आणि बाई तणतणत वर भांडायला आली. दार वाजवून वाजवून शेवटी रखवालदाराला बोलावून तोडायला लावलं. म्हणजे मी वाचले ती तिच्या भांडखोरपणामुळे. आभार मानायचे राहिलेत. तिचं छत मी रंगवून दिलंय, तेवढं पुरे.

दार उघडून म्हणाली, "अकरा वर्षांनी रस्ता सापडला वाटतं."

मी म्हटलं, "टाके घालायला शिकवता का, तेवढं सांगा."

माझ्या हातांकडे बराच वेळ बघितलं तिने. "शिकवीन. रोज चार वाजता. पण तुम्ही खाली यायचं. मी वर चढणार नाही, मलाही गुडघे आहेत."

अठरा पायऱ्या! अधू माणसाला रोज अठरा पायऱ्या उतरायला आणि चढायला लावायच्या, वर अंगावर शाल ओढून राणीसारखं बसायचं. जित्याची खोड, दुसरं काय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सुलट ओळ, उलट ओळ. वीस टाक्यांची पट्टी. आठ दिवसांत वीत भरली, पण प्रत्येक ओळीत डावीकडचा शेवटचा टाका माझ्याकडून राहतो. मी म्हटलं, लोकरच निसरडी आहे. खालचीने लाल लोकरीचा तुकडा घेतला आणि डाव्या सुईच्या बुडाला बांधला. "हा लाल दिसेपर्यंत मान वळवायची. दिसल्याशिवाय ओळ संपली म्हणायचं नाही."

लहान मुलांसारखं वाटलं. पण आज एकही टाका सुटला नाही, हेही खरं.

मग चहा झाला. कप ठेवताना म्हणाली, "बिस्किट राहिलं तुमचं." बशीत डाव्या बाजूला एक बिस्किट होतं खरं. ते आधी तिथे नव्हतं असं मी शपथेवर सांगेन. लोकांच्या बशीत डोकवायची सवय वाईट.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आणखी एक छळ. गेले पंधरा दिवस ही बाई रोज सकाळी सातला झाडूच्या दांड्याने छत ठोकते. ठक, ठक. मी संतापाने उठते, वहाण जमिनीवर आपटते, तेव्हा थांबते. विचारलं तर म्हणते, "जाळी काढते." रोज सातला कोळी जाळं विणतो काय तिच्याकडे?

गुरुवार, ४ डिसेंबर

पट्टी संपली, मोजा सुरू. साठ टाके, तीन सुयांवर वीस-वीस. चौथीने गोल विणत जायचं. चार बोटं विणून झाल्यावर खालचीने हातात घेतलं आणि इतकी हसली की तिला खोकला लागला. सुरुवातीलाच गोल जोडताना टाक्यांना पीळ पडलेला. त्यात पाय जाणं शक्यच नाही.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही तर सुंभ जळायच्या आधीच घातलात."

मी म्हटलं, माझ्या टेबलावर असा माल आला असता तर विणणारीला घरी पाठवली असती. ती म्हणाली, "मग जा घरी." मी उठलेच. दारापर्यंत गेले, परत आले, सगळं उसवलं. उसवायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

रविवार, १४ डिसेंबर

टाच वळली!

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे. निम्मे टाके तसेच ठेवायचे, उरलेल्या निम्म्यांवर मागेपुढे विणत पट्टी करायची. मग मधले थोडेच टाके विणून वळायचं, दर ओळीला एकेक शेजारचा आत घ्यायचा. काही कळत नव्हतं. खालची म्हणाली, "कळून घेऊ नका, विणा." विणलं. आणि एकदम हातातल्या सपाट पट्टीला वाटी आली. माणसाची टाच बसेल अशी खोलगट वाटी.

एकतीस वर्षं टाचेवर बोट फिरवून मी माल बाद करत आले. टाच होते कशी, हे आज कळलं. मी मोठ्याने हसले. खालचीही हसली. डाव्या हाताला घाम फुटला होता, तो तिने तिच्या पदराने पुसला आणि मला राग आला नाही. फार आनंद झाला.

मंगळवार, २३ डिसेंबर

आजचं कुणाला सांगणार नाही. डावी शेगडी बंद करायची राहिली. पाण्याचं भांडं कोरडं होऊन काळं पडलं, धूर झाला. मी शेगडीपासून चार हातांवर खुर्चीत बसून विणत होते. बघितलंच नाही.

चिरंजीवांचा फोन आला तेव्हा मी हवापाण्याबद्दल बोलले. मागून सूनबाई म्हणाल्या, "आईंना विचारा, खोलीला पडदे कोणत्या रंगाचे हवेत." वाईट नाही ती. पण माझ्या पडद्यांचा रंग ठरवायला निघालेत, आणि माझ्या घरात मी अजून जिवंत आहे.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. पडण्याची नाही. तिकडे त्या चांगल्या खोलीत कुणी मला एकही काम सांगणार नाही, त्याची.

बुधवार, २४ डिसेंबर

चार वाजता जाऊन आले तर माझ्या शेगडीच्या डाव्या बटनाला लाल लोकर बांधलेली. मी खाली असताना व्यायामवाली वर येऊन गेली होती, तिच्याकडे किल्ली आहे. तिचंच काम असणार. परवा ती आणि खालची जिन्यात डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या. मी आले तशा गप्प झाल्या. माझी उणीदुणी काढत असणार, दुसरं काय. जिन्याच्या डाव्या कठड्यालाही लाल लोकर आहे. कपाटाच्या कडीलाही. घराचं लग्नघर केलंय.

काढून टाकणार होते. राहू दिलं.

शनिवार, ३ जानेवारी

पहिला मोजा पूर्ण. चवड्याचे टाके हळूहळू कमी करत आणले, शेवटचे आठ दोऱ्यात ओवून आवळले. टाचेपासून टोकापर्यंत तेवीस सेंटिमीटर. मी तो उलटा केला, ताणला, उजेडात धरला. टाके फार घट्ट, पाटीसारखे. पण भोक नाही, गाठ नाही. एकटा मोजा पास करता येत नाही, शिक्का जोडीलाच. तरी उशाशी ठेवला.

खालची म्हणाली, "पहिला सगळेच विणतात. दुसरा विणला तर खरं."

माझ्यासमोर असं बोलायचं म्हणजे बैलाला लाल फडकं दाखवणंच. चहाला न थांबता साठ टाके घातले.

सोमवार, १९ जानेवारी

दुसऱ्याची टाच एका दिवसात. हल्ली चार ते सहा कधी वाजतात कळत नाही. आज तिने नवऱ्याची गोष्ट सांगितली. यंत्रावरची पहिली जोडी त्याने मोठ्या ऐटीत तिला दिली होती, ती तिने आजवर घातलेली नाही. "तुमच्याच शिक्क्याची आहे. पास," म्हणाली. कपाटातून काढून दाखवली. माझाच शिक्का, सतरा नंबर. मी निरखून बघितली. एका मोज्याच्या कडेला एक टाका सुटलेला होता. माझ्या नजरेतून सुटलेला! आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

निघताना माझ्या सुयांकडे बघून म्हणाली, "हात सैल सुटलाय हं तुमचा."

जरा कौतुक करेल म्हणून वाट पाहावी तर हे.

बुधवार, २८ जानेवारी

दुसरा मोजा पूर्ण. साडेचोवीस.

तीनदा मोजला. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, लोकर तीच. पहिला तेवीस, दुसरा साडेचोवीस. जोडीत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक म्हणजे बाद. हा नियम कुणी विसरला तरी मी विसरू शकत नाही. तीन दिवसांत तिसरा मोजा होणं शक्य नाही.

खालची म्हणाली, "त्यात काय, लहान मोजा ओला करा, फळीवर ताणा, वाळवा. दीड सेंटिमीटर सहज येतो. कुणाला कळतंय?"

"पहिल्या धुण्यात परत तेवीसवर येईल."

"तोवर तुमचा मुलगा गेलेला असेल ना!" तिचा आवाज एकदम चढला. "इतकी मान ताठ कशाला? जाल मग त्या पडद्यांच्या खोलीत. जा. मला काय त्याचं?" आणि तोंड फिरवून लोकर गुंडाळायला लागली. गुंडाळलेलीच लोकर पुन्हा गुंडाळत होती.

ताणणार नाही. अख्खं आयुष्य मी ताणलेला माल पकडण्यात घालवलं. 

शनिवार, ३१ जानेवारी

चिरंजीव सकाळी आले ते मोठी रिकामी बॅग घेऊन. डोळ्यांखाली काळं झालंय, वाळलाय. सूनबाई जेवायला घालते की नाही, असं मनात आलं, आणि मग वाटलं की हे वेगळंच काहीतरी आहे.

मी टेबल पुसून ठेवलं होतं. टेप, दोन शिक्के, शाईची गादी, जोडी. इतक्यात खालची दारात. वर चढणार नाही म्हणणारी. हातात लोकरीचा गुंडा, म्हणे तुमचा राहिला होता. माझा नव्हताच.

मी मोठ्याने मापं वाचली. तेवीस. साडेचोवीस. 'बाद'चा शिक्का उचलला.

"अहो बाई, थांबा," खालची म्हणाली. "शिकाऊ हाताचा माल आहे. शिकाऊला सूट असते."

"माझ्या टेबलावर नव्हती कधी."

कागदाच्या चिठ्ठीवर शिक्का मारला आणि जोडीला टाचली. शाई अजून ओली होती.

चिरंजीव म्हणाला, "आई, मी तर पास म्हटलं असतं."

"म्हणून तुला कुणी चेकर केला नसता."

त्याने बॅगेकडे बघितलं. जिंकल्यासारखा चेहरा नव्हता त्याचा. हळूच म्हणाला, "मग... ठरल्याप्रमाणे?"

"ठरल्याप्रमाणे जोडी बाद. आता बाद मालाचं काय करायचं ते कारखान्याच्या नियमाने. तू याच वसाहतीत वाढलास. सांग बघू, बाद माल कुठे जायचा?"

"कुठे म्हणजे? आतच राहायचा."

"गेटाबाहेर?"

"जायचा नाही."

"एक हात अधू, एक पाय ओढका, डाव्या बाजूचं धड दिसत नाही. शेगडीसुद्धा विसरले मी एकदा, तेही सांगून टाकते. तुझ्या मते मी पास आहे का?"

तो टेबलावरचा टेप गुंडाळायला लागला.

"नाही ना? मग बॅग उचल. बाद माल गेटाबाहेर जात नाही."

खालचीला हसू आवरेना, तिने दाराची चौकट धरली. चिरंजीवही हसला, आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागला. पुसतच राहिला. म्हणाला, "त्या दिवशी मी तुला तेरा वेळा फोन लावला होता, आई. तेरा वेळा."

फोन वाजत होता ते मला न्हाणीघरात ऐकू येत होतं. चार तास. कोण करतंय तेही कळत होतं. तेरा वेळा होता हे माहीत नव्हतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. डावाच ठेवला, उजव्या हातात शिक्का होता. तो म्हणाला, "हात जड लागतोय तुझा." मी म्हटलं, हलका नव्हताच कधी.

मग न्हाणीघरात आधाराची दांडी लावायची, नळाजवळ घंटा बसवायची आणि एक किल्ली खालचीकडे राहील, असं ठरलं. तिन्ही गोष्टी मी कबूल केल्या. हट्ट मोडला असं कुणी समजू नये. शब्द फिरवला असंही कुणी म्हणेल. मी नियम लावला.

किल्लीला खालचीने लगेच लाल लोकर बांधली. व्यायामवालीकडून सगळीकडे बांधून घेणारी हीच होती तर!

रविवार, १ फेब्रुवारी

चिरंजीव पहाटेच्या गाडीने गेले, रिकामी बॅग घेऊन. जोडी मागत होता, आठवण म्हणून. दिली नाही. पास होईल तेव्हा पाठवीन म्हटलं. तुझं माप सांग. त्याने सांगितलं, आणि एकदम विचारलं, "आई, दुसरा मोजा मोठा का झाला गं?" मी म्हटलं, हात सैल सुटला. म्हटल्यावर कळलं, खालची त्या दिवशी कौतुकच करत होती.

बाद जोडी आता पायात आहे. डावा पाय अजून सुजतो. मोठा मोजा त्याला घातला.

सातला खालून झाडूचा दांडा वाजला. ठक, ठक. वहाण शोधत बसले नाही. उभी राहिले आणि मोज्यातल्या डाव्या पायाने दोनदा जोरात आपटलं. लोकरीने आवाज कमी झाला, म्हणून तिसऱ्यांदा आपटलं. मग खालून एकदाच, अगदी हलकेच, ठक.

साठ टाके घातले. चार वाजायला अजून नऊ तास आहेत.